काकूंची झेड ड्राइव्ह

सोसायटी ग्रुप, शनिवार

लेलेकाकू ए-३०२ (सकाळी ९:१२)
ग्रुपवर कुणी कॉम्प्युटरवालं जागं आहे का? माझ्या ऑनलाइन मोडी वर्गाच्या साइटवर ४६ फायली टाकायच्या आहेत, सगळे जुन्या कागदांचे स्कॅन. एक फाइल निवडा, वाट बघा, सेव्ह दाबा, पुन्हा पहिल्यापासून. काल रात्री साडेअकरापर्यंत जेमतेम ७ झाल्या. संस्थेने पत्रक पाठवलंय की कॉम्प्युटर थेट कोर्सच्या फोल्डरला जोडून घ्या, मग सगळं एकदम टाकता येतं. पण त्यातली चित्रं विंडोज ७ ची आहेत. माझ्याकडे ११ आहे.

शिंदेकाका ए-१०४ (९:१५)
गूगल ड्राइव्हवर टाका, लिंक द्या, मोकळ्या व्हा.

लेलेकाकू ए-३०२ (९:१८)
लिंक एकाने दुसऱ्याला दिली की झाला वर्ग चव्हाट्यावर. कागद लोकांच्या घरचे आहेत. साइटवर फक्त नाव नोंदवलेल्यांना दिसतात.

ओंकार बी-५०४ (९:४०)
काकू, पत्रकात 'वेबडॅव्ह' असा शब्द आहे का? आणि कोर्सच्या फोल्डरपाशी एक लांबलचक पत्ता?

लेलेकाकू ए-३०२ (९:४२)
दोन्ही आहे. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतो. क्रोममध्ये टाकला तर नुसती फायलींची यादी आली.

शिंदेकाका ए-१०४ (९:४३)
हे वेबडॅव्ह काय नवीन?

ओंकार बी-५०४ (९:४९)
नवीन कसलं काका, १९९९ चं आहे. वेबसाइट आपण एरवी नुसती वाचतो. तिथे फोल्डर करणं, फाइल ठेवणं, हलवणं, कुणी लिहीत असेल तर तिला कुलूप लावणं, हे सगळं त्याच वेबच्या भाषेत करता यावं म्हणून ते काढलं. २००७ मध्ये सुधारलं, त्यानंतर फारसं कुणी हात लावलेला नाही. कॉलेजं आणि असे कोर्सवाले अजून वापरतात.

काकू, तो पत्ता क्रोममध्ये टाकायचा नाही. पिवळ्या फोल्डरचं चिन्ह असतं ते फाइल एक्सप्लोरर उघडा. डावीकडे 'धिस पीसी' दाबा. वर तीन टिंबं दिसतील, त्यात 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह'. अक्षर झेड येईल, ते राहू द्या. खालच्या चौकटीत पत्ता पेस्ट करा. त्याखाली दोन चौकोन आहेत, दुसऱ्यावर टिक करा, वेगळ्या नावाने जोडण्याचा आहे तो. मग फिनिश.

सेक्रेटरी (९:५५)
सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या टाकी धुणार आहेत. ११ ते २ पाणी बंद राहील.

लेलेकाकू ए-३०२ (१०:०३)
'नेटवर्कचं नाव सापडत नाही' म्हणतंय. एरर ६७.

ओंकार बी-५०४ (१०:०६)
येणारच होता तो. विंडोजमध्ये हे काम वेबक्लायंट नावाची सर्व्हिस करते आणि ती आता आपणहून सुरू होत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिला पुढे कधीतरी बंद करायच्या गोष्टींच्या यादीत घातलं. आहे अजून, पण उठवावी लागते. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाईप करा, यादीत डब्ल्यूपाशी वेबक्लायंट दिसेल, राईट क्लिक, स्टार्ट.

शिंदेकाका ए-१०४ (१०:०७)
म्हणजे माझ्यासारखीच. आहे, पण उठवावी लागते 😄

लेलेकाकू ए-३०२ (१०:२१)
उठली. आता पासवर्ड घेत नाही. तीनदा बघून टाकला.

ओंकार बी-५०४ (१०:२४)
साइटवर तुम्ही 'गूगलने आत या' असं बटण दाबून जाता ना? मग तो पासवर्ड इथे चालायचा नाही. या खिडकीला फक्त एक नाव आणि एक पासवर्ड कळतो. गूगलचं पान, मोबाईलवरचा ओटीपी, यातलं काही तिला दाखवता येत नाही. साइटवर तुमच्या प्रोफाइलमध्ये वेगळा पासवर्ड करायची सोय असेल, तो करून टाका.

सईची आई सी-१०१ (१०:३१)
मॅकवर हे सोपं आहे हो. फाइंडरमध्ये 'गो', मग 'कनेक्ट टू सर्व्हर'. फक्त मॅक तिकडे डीएस-स्टोअर नावाची एक फाइल मागे सोडतो. माझ्या एका विद्यार्थिनीने 'मॅडम, ही परीक्षेला आहे का' असं विचारलं होतं.

लेलेकाकू ए-३०२ (१०:५८)
झेड आली!!! आतमध्ये कालच्या ७ फायली दिसतायत. आता इकडच्या तिकडे कशा न्यायच्या?

शिंदेकाका ए-१०४ (१०:५९)
कंट्रोल एक्स, कंट्रोल व्ही. बँकेत आयुष्यभर तेच केलं.

ओंकार बी-५०४ (११:२०)
नको, नुसत्या ओढून टाका. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर ओढलं की कॉपी होते, मूळ जागेवर राहतं.

लेलेकाकू ए-३०२ (११:३५)
चार कंट्रोल एक्सने गेल्या, मग तुमचा मेसेज वाचला, उरलेल्या ३४ ओढल्या. पाच मिनिटांत सगळं! एक मात्र अडली. पूर्ण बाड एकत्र केलेली ८० एमबीची पीडीएफ. मर्यादेपेक्षा मोठी म्हणतंय.

ओंकार बी-५०४ (११:३८)
ती मर्यादा साइटची नाही, विंडोजची. वेबडॅव्हला मुळात ५ कोटी बाइटपर्यंतच मुभा आहे, म्हणजे ४८ एमबीच्या आसपास. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, आकडा बदलून ४ जीबीपर्यंत नेता येतो, पण एका फाइलसाठी रजिस्ट्री उघडू नका. ती एक ब्राउझरमधून टाका, नेहमीसारखी.

लेलेकाकू ए-३०२ (११:५२)
गेली. संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी आहे, घरी येऊन जा.

ओंकार बी-५०४ (११:५३)
🙏🙏 नक्की

लेलेकाकू ए-३०२ (संध्याकाळी ६:१८)
ओंकार, पानं गेली.

लेलेकाकू ए-३०२ (६:२४)
साताऱ्याच्या एकांचा आत्ता निरोप आला, कोर्सचा फोल्डर रिकामा आहे. मी काय केलं ते सांगते. दुपारी सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली दिसली. बघते तर झेडचीही तितकीच लाल. दोन्हीकडे शिल्लक जागा एकच, ११.४ जीबी, पॉइंटसकट. म्हटलं, म्हणजे सगळं माझ्याच कॉम्प्युटरवर दोनदा साठलंय. जास्तीच्या काढून टाकल्या. कायमच्या काढू का असं विचारलं, ते नेहमीच काहीतरी विचारत असतं म्हणून हो म्हटलं. रिसायकल बिन रिकामा आहे.

ओंकार बी-५०४ (६:३१)
अरे देवा. काकू, चूक माझी. सकाळीच सांगायला हवं होतं. झेड तुमच्या कॉम्प्युटरवर नाहीच. तिकडचा सर्व्हर किती जागा आहे ते सांगत नाही, म्हणून विंडोज तिथे सी ड्राइव्हचेच आकडे चिकटवून ठेवतं. चांगले चांगले फसतात. आणि नेटवर्कवरचं डिलीट रिसायकल बिनमध्ये येत नाही, तिथून ते थेट जातं.

लेलेकाकू ए-३०२ (६:३६)
म्हणजे पेशवे दप्तरात बसून रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, सोडल्यासारखं. कागद समोर आहे, हातात आहे, पण तो आपल्या घरी नाही. फाडला तर तिथला फाटतो.

ओंकार बी-५०४ (६:३७)
हो, आणि वाचायला बसलेल्या सगळ्यांचा फाटतो. मूळ फायली तुमच्या सी ड्राइव्हवर असतील ना?

लेलेकाकू ए-३०२ (६:४१)
कालच्या ७ आहेत. ओढलेल्या ३४ आहेत, मोठी पीडीएफही. कंट्रोल एक्सवाल्या ४ नाहीत.

शिंदेकाका ए-१०४ (६:४२)
😶

सईची आई सी-१०१ (६:४४)
पुन्हा स्कॅन करता येतील ना काकू?

लेलेकाकू ए-३०२ (६:४६)
कागद वाईच्या एका घरातले होते. परवाच त्यांना पोचते केले. त्या आजोबांना ते पुन्हा बाहेर काढायला सांगायचं म्हणजे... बांधणी सुटत चालली आहे त्यांची.

ओंकार बी-५०४ (६:५०)
संस्थेला लगेच मेल टाका, त्यांच्याकडे बॅकअप असू शकतो. फायली आजच टाकल्या आणि आजच पुसल्या गेल्या, त्यामुळे रात्रीच्या बॅकअपमध्ये त्या नसण्याचीच शक्यता जास्त, पण विचारा. आणि वर्गात विचारा, दिवसभरात कुणी उतरवून घेतल्या असतील तर.

शिंदेकाका ए-१०४ (६:५५)
लेलेबाई, मनापासून सॉरी. बँकेत आमच्या दोन्ही ड्राइव्ह एकाच खोलीत होत्या.

देशमुख वहिनी बी-२०३ (७:०२)
काकू, मी आत्ता ग्रुप बघितला. त्या चार माझ्याकडे आहेत. दुपारी साडेबाराला उतरवून प्रिंट काढल्या, बोरूने गिरवायला. फायली फोनमध्ये तशाच आहेत.

सईची आई सी-१०१ (७:०३)
वहिनी तुम्ही मोडी शिकताय??

देशमुख वहिनी बी-२०३ (७:०४)
जूनपासून. घरी सांगितलेलं नाही अजून, इथे सांगून बसले.

ओंकार बी-५०४ (७:०६)
वहिनी, व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नका पाठवू, ते दाबून लहान केले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. आणि काकू, या वेळी आधी सीवर एक फोल्डर करून सगळ्या तिथे, मग तिथून झेडवर ओढा. जागा हवी असेल तर झेडवर राईट क्लिक करून 'डिस्कनेक्ट' म्हणा, फक्त तुमच्याकडची खिडकी बंद होते, फायली तिकडे सुखरूप. 'डिलीट' तेवढं नको.

लेलेकाकू ए-३०२ (७:०९)
कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवलंय.

देशमुख वहिनी बी-२०३ (७:११)
पेनड्राइव्ह घेऊन पाच मिनिटांत येते. तिसऱ्या पानावरची दुसरी ओळ मात्र मला अजिबात लागली नाही, 'सुभा' नंतरचा शब्द.

लेलेकाकू ए-३०२ (७:१२)
तो मलाही लागलेला नाही अजून. या, खिचडी गरम आहे.