ब्रॉयलरला बॅक्टेरियाची लस टोचावी का? (पावसाळी बॅच, लांजा)

लांजेकर
नमस्कार मंडळी. लांज्याजवळ १५०० पक्ष्यांचं शेड आहे, घरचंच, कंपनीचं नाही. आषाढातल्या बॅचला बाविसाव्या दिवशी घुरघुर सुरू झाली, मग पक्षी पंख पाडून कोपऱ्यात. रोज पाच-सहा आडवे. अठ्ठाविसाव्या दिवशी एका सकाळी १९ उचलले. डॉक्टरांनी पायरीवरच एक फाडून दाखवला. कलेजीवर नि हृदयावर पिवळट पापुद्रा, दुधावर साय धरते तसा, नखाने ओढला की सुटून येत होता. ई-कोलाय म्हणाले. पाण्यातून औषध दिलं, मर थांबली, वजन मात्र गेलं ते गेलंच.

आता दुकानदार म्हणतो, पुढच्या बॅचला कोरायझा (कोंबड्यांची सर्दी) आणि कोंबड्यांचा कॉलरा, दोन्हीच्या लसी टोचा. १५०० पक्षी एकेक धरायचे म्हणजे आई, मी नि बायको, दोन रात्री. लागू पडणार असेल तर तेही करू. मानमोडीवरची लासोटा आणि गंबोरो रोगाची लस पाण्यातून देतोच. कोणी टोचल्यात का?

बाबल कुडाळकर
नको रे झिला! त्या लसी अंड्यावरच्या कोंबड्यांच्या. सहा-आठ आठवड्यांच्या पुढे देतात. तोवर तुझा पक्षी रश्शात गेलेला असतो. आणि पावसात दोन रात्री पक्षी धरशील तर धसक्यानेच दहा मरतील.

निवृत्त पशुवैद्य, चिपळूण
बाबलराव बरोबर सांगतायत. मेलेल्या जंतूंची लस टोचली तरी ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, पुन्हा दुसरा डोस. ४० दिवसांच्या पक्ष्याला ते परवडत नाही. शिवाय कोरायझा, कॉलरा हे वेगळे जंतू, ई-कोलायला त्यांचा उपयोग शून्य. ई-कोलायची जिवंत लस असते, ती पहिल्याच दिवशी हॅचरीत पिल्लांवर फवारतात. पण वर लगेच अँटिबायोटिक पाजलं तर लसच मरते, आणि आपल्याकडे पहिले तीन दिवस ते पाजायची खोड आहेच.

मुळात ई-कोलाय प्रत्येक कोंबडीच्या आतड्यात असतो. त्याला दार कोणी उघडलं ते शोधा. पक्षी फाडला तेव्हा शेपटीखालची, गुदद्वारावरची गाठ पाहिली होती का? लासोटा कुठल्या पाण्यातून दिला? पडदे किती उघडे होते?

लांजेकर
सर, गाठीवर बोट ठेवून डॉक्टर "ही सुकलीय" म्हणाले होते. माझं लक्ष त्या सायीकडे. पाणी विहिरीचं. पावसात गढूळ येतं म्हणून टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) घालतो, रोज सकाळी. लस त्याच टाकीतून... लिहिताना आत्ता लक्षात येतंय.
पडदे बंदच होते, पाऊस आडवा मारत होता. आत डोळे चुरचुरायचे. तूस ओलं झालं म्हणून वरून चुना मारला.

निवृत्त पशुवैद्य, चिपळूण
मग दोन्ही लसी क्लोरीनने टाकीतच मेल्या. गाठ सुकलेली म्हणजे बहुधा गंबोरो येऊन गेला, तो पक्ष्याची प्रतिकारशक्तीच मोडतो. त्यात ओल्या तुसातून उठणाऱ्या अमोनियाने श्वासनलिका सोललेली. ई-कोलायला आणखी काय हवं?

लसीच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत टीसीएल बंद. पाणी उकळून गार केलेलं, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर. पक्षी तास-दीड तास तहानलेले ठेवा, म्हणजे लसीचं पाणी दोन तासांत संपतं. लस बर्फावरच आणा. चुना पक्षी आत असताना ओल्या तुसावर नको, अमोनिया आणखी उठतो. पाण्याच्या निपलखालचं (तोटीखालचं) ओलं तूस फावड्याने काढून कोरडं घाला. पडदा वरून वीतभर उघडा ठेवा, पाऊस असला तरी. पागोळी आत येत असेल तर पत्रा हातभर पुढे काढा.

आणि औषध बंद केल्यावर किती दिवसांनी विकलेत? बाटलीवर लिहिलेले दिवस पाळा. कोलिस्टिन तर २०१९ पासून कोंबड्यांना बंदच आहे, कोणी देऊ केलं तरी घेऊ नका.

लांजेकर
आठ दिवस थांबलो होतो सर. बाटलीवर पाच होते.
एक राहिलंच. आईच्या दहा-बारा गावठी कोंबड्या शेडच्या मागच्या पडवीत असतात, माझं सांडलेलं खाद्य टिपायला.

बाबल कुडाळकर
त्या दोन-दोन वर्षं जगतात, म्हणजे दुकानदाराची कॉलऱ्याची लस त्यांच्या उपयोगाची! मानमोडीची पण टोचून घे. आणि आधी त्यांना पडवीतून हलव, रोग आत-बाहेर त्याच नेतात.

लांजेकर
हलवायला सांगितलं आईला. म्हणाली, कोंबड्या तुझ्या शेडच्या आधीच्या, शेडच हलव.