इटालियन ‘आल्लोरा’ : शब्द की नुसता टेकू?

तूरिनकर

मंडळी, तूरिनला येऊन दीड वर्ष झालं. इटालियन अजून धडपडतच बोलतो, पण एक शब्द पहिल्या आठवड्यातच चिकटला, ‘आल्लोरा’. (दोन ल, आणि जोर ‘लो’वर. एकेरी ल लावून ‘अलोरा’ म्हटलं की मला थेट वेरूळची लेणी दिसतात.)

परवा शनिवारी पोर्ता पालात्सोच्या बाजारात, मासळीच्या हॉलमध्ये रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या आजींचा मासा साफ करून झाला. विक्रेत्याने फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “आल्लोरा!” मी दोन ओराते मागितले. तो म्हणाला, “आल्लोरा, दोन ओराते.” खवलं काढायची का, असं त्याने विचारलं. मी शब्द शोधत राहिलो, तसा चाकू हवेत धरून “आल्लोरा?” शेवटी वजनकाट्याकडे बघत लांबलचक “आल्लोऽऽरा... सेदीची ए चिंक्वांता”, म्हणजे साडेसोळा युरो. दोन मिनिटांत चार वेळा!

कोशात याचे अर्थ ‘तेव्हा’, ‘तर’, ‘म्हणून’, ‘बरं’ असे रांगेने दिलेत. माझं मत असं की निम्म्याहून जास्त वेळा याला काहीच अर्थ नसतो. तोंड पुढे गेलेलं असतं आणि डोकं मागून येत असतं, तोवर धरायला एक टेकू. आपल्याकडे लोक ‘ॲक्चुअली’ किंवा ‘म्हणजे कसंय’ म्हणतात तसला. आमच्या वर्गातल्या बाईही तोंडी परीक्षेच्या सरावात टोकतात, प्रत्येक वाक्य आल्लोराने उघडू नका म्हणून. तेव्हा (बघा, माझंही सुरू झालं!) नवशिक्याने या शब्दाच्या वाटेला जाऊ नये. पटतंय का?

दुपारचा_चहा

अजिबात नाही. पुण्यात बरीच वर्षं इटालियन शिकवते, त्यामुळे जरा तावातावाने लिहितेय, राग मानू नका.

तुमच्याच मासेवाल्याचे चार आल्लोरा घ्या. पहिला म्हणजे ‘आजींचं झालं, आता तुम्ही’. दुसरा, ‘तर मग तुम्हाला दोन ओराते हवेत, बरोबर?’ तिसरा सरळ सरळ ‘मग? बोला की!’ चौथा म्हणजे ‘थांबा, हिशेब करतोय, मध्ये बोलू नका’. चार वेळा चार वेगळे सूर आणि चार वेगळी कामं. नुसता टेकू असता तर कुठलाही आवाज चालला असता. तिसऱ्याच्या जागी ‘अंऽऽ’ घालून बघा. तो विक्रेता न राहता तुमच्यासारखाच अडखळणारा परदेशी होईल.

कीर्तनकार ‘तर मंडळी’ म्हणतो तेव्हा त्या ‘तर’चा अर्थ काय हो? काहीच नाही. पण तो उच्चारला की मागच्या रांगेतली कुजबूज थांबते.

खवट_म्हातारा

दुपारचा चहा फारच कडक झालाय. आवाजाच्या चढउताराला तुम्ही शब्दाचा अर्थ म्हणताय. आमची ही नुसतं “अहो” म्हणते आणि त्यातून गॅस संपलाय, पाहुणे आलेत किंवा मी काहीतरी विसरलोय, यातलं काहीही मला कळतं. म्हणून ‘अहो’चा अर्थ ‘गॅस संपला’ होतो का?

ज्या शब्दाला सगळेच अर्थ, त्याला एकही नाही. भाषाशास्त्रवाल्यांनी अशा शब्दांना ‘सेन्याले दिस्कोर्सीवो’, म्हणजे संभाषणातली खूण, असं भारदस्त नाव दिलंय. नाव दिलं म्हणून रिकामं भांडं भरत नाही. तूरिनकर, तुमच्या बाईंचं ऐका.

ओवीखोर

आजोबा, भांडं रिकामं नाही. तळाशी काय आहे ते बघूया.

आल्लोरा आलाय लॅटिनच्या ‘आद इल्लाम होराम’वरून, म्हणजे ‘त्या घटकेला’. मूळ अर्थ निव्वळ काळाचा आणि तो आजही जिवंत आहे. ‘दाल्लोरा’ म्हणजे तेव्हापासून, ‘लाल्लोरा मिनिस्त्रो’ म्हणजे तेव्हाचे मंत्री. हाच शब्द पुढे ‘म्हणून’ या अर्थाने चालू लागला. आपल्या ‘तेव्हा’ने पावलावर पाऊल टाकून तोच रस्ता धरलाय. ‘मी तेव्हा शाळेत होतो’ यातला ‘तेव्हा’ काळाचा. ‘अंधार पडलाय, तेव्हा आता निघू’ यातला कारणाचा. घड्याळाचा शब्द तर्काच्या कामाला लागला, इकडेही आणि तिकडेही, कुणी कुणाकडून उसना न घेता.

उसनं घेतलेलं मात्र एक आहे. लॅटिनमधला ‘होरा’ मूळचा ग्रीक. ज्योतिषाबरोबर तोच ग्रीक शब्द संस्कृतातही आला. ‘माझा होरा चुकला’ म्हणताना आपण जो होरा म्हणतो तो हाच. म्हणजे आल्लोराच्या पोटात आपला होरा बसलाय.

इटालियन महाकवी दान्तेच्या ‘इन्फेर्नो’ची, म्हणजे त्याच्या काव्यातल्या नरकयात्रेची, पहिल्या सर्गाची शेवटची ओळ ‘आल्लोर’नेच सुरू होते. वाटाड्याबद्दल तो म्हणतो: तेव्हा तो चालू लागला आणि मी त्याच्या मागे निघालो. तिथे अर्थ काळाचाच आहे, पण पाऊल उचलल्याचा आवाज येतो की नाही? दान्तेची ती यात्रा १३०० सालात घडते. त्याच्या दहाच वर्षं आधी, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी झाली. तिचा नववा अध्याय कसा उघडतो? ‘तरी अवधान एकलें दीजे। मग सर्वसुखासि पात्र होइजे।’ पहिलाच शब्द ‘तरी’. माउलींनाही टेकू लागत होता म्हणायचं का?

खवट_म्हातारा

माउलींना मध्ये आणलं की समोरच्याने गप्प बसायचं, हा जुना डाव आहे. तरी (हा माझा, बरं का) दान्ते आणि ज्ञानेश्वर दोघांनी तो शब्द मोजून मापून ठेवलाय. मासेवाला दोन मिनिटांत चार वेळा उधळतो. माझी तक्रार उधळण्याबद्दल आहे.

होऱ्याचं मात्र माहीत नव्हतं. त्याला दाद.

मांडवीकाठ

आमच्या घरी आजी पोर्तुगीज बोलायची. फोन उचलला की पहिला शब्द ‘एंतांव?’ म्हणजे ‘मग, काय खबर?’ दोन्ही बाजू गप्प झाल्या की पुन्हा एक थकलेला ‘एंतांव...’ आणि मग फोन खाली. सुरुवातीला तोच, शेवटी तोच. फ्रेंच लोक ‘आलॉर’ म्हणतात, तो तर आल्लोराचा सख्खा भाऊ.

एक बाळबोध शंका. कोंकणीत ‘मागीर’ म्हणजे नंतर, मग. इटालियन ‘मागारी’शी त्याचं काही नातं?

ओवीखोर

नाही हो, कान फसतो. ‘मागारी’ ग्रीक ‘माकारिए’वरून, म्हणजे ‘हे भाग्यवंता’. कुणी म्हणालं ‘तुला लॉटरी लागणार’, तर इटालियन माणूस उसासून म्हणतो “मागारी!” आपण ‘तुझ्या तोंडात साखर पडो’ म्हणतो, तो प्रकार. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

तूरिनकर

चर्चा वाचून थोडा हललोय, पण पडलो नाही. माझी खरी अडचण वेगळीच आहे. मी आल्लोराला डोक्यात ‘मग’ म्हणून बसवलाय. वर्गात दिनक्रम सांगताना ‘जेवलो, मग झोपलो’ असं म्हणायचं होतं, तर ‘ओ मांजातो, आल्लोरा ओ दोर्मीतो’ म्हणालो. बाई हसल्या. म्हणाल्या, जेवणात काय घातलं होतं रे? मला कळेना यात हसण्यासारखं काय.

दुपारचा_चहा

हेच तर! तुम्ही म्हणालात, ‘जेवलो, त्यामुळे झोपलो.’ एकामागून एक घडलेलं सांगायचं तर ‘पोई’. आपला ‘मग’ दोन्ही कामं करतो, म्हणून मराठी माणूस इथे हमखास घसरतो. आल्लोरामध्ये मागच्या गोष्टीचा धागा पुढच्या गोष्टीत ओवलेला असतो. अर्थ शून्य असता तर तुमचं वाक्य चुकलंच नसतं. बाई हसल्या, हाच माझा पुरावा.

उलटही बघा. ‘जेवलास का?’ याला आपण ठसक्यात ‘मग!’ म्हणतो, म्हणजे ‘विचारतोस काय!’ तिथे आल्लोरा चालणार नाही, ‘एक्कोमे’ म्हणावं लागेल. शब्दाला हद्द आहे म्हणजे त्याला घर आहे.

मला विचाराल तर आल्लोराचा खरा जोडीदार ‘मग’ नाही, ‘तर’ आहे. इटालियन माणूस ‘से प्योवे, रेस्तो आ कासा’ म्हणतो, म्हणजे ‘जर पाऊस पडला, घरी राहीन’. मधला आल्लोरा बहुतेक वेळा गाळतोच. आपण बरोब्बर उलट करतो. ‘पाऊस पडला तर घरी राहीन’. आपण ‘जर’ टाकून देतो आणि ‘तर’ जिवापाड धरतो. त्यांना दाराची चौकट पुरते, आपल्याला कडी लागते.

आणि हे माझं सगळ्यात लाडकं. एखादं गुपित कळल्यावर ते म्हणतात, “मा आल्लोरा लो सापेवी!” विद्यार्थी याचं भाषांतर ‘पण मग तुला माहीत होतं’ असं करतात, अगदी पाणचट. मराठीत आपण काय म्हणू? “म्हणजे तुला माहीत होतं तर!” शेवटचा ‘तर’ काढा, वाक्यातला सगळा जीव जातो. तिथे तो ना काळाचा, ना अटीचा. डोक्यात दिवा लागल्याचा तो शब्द आहे.

खवट_म्हातारा

‘माहीत होतं तर’वर मात्र निरुत्तर. पण बाईंनी टोकलं ते योग्यच, या मतावर ठाम आहे. लिहिताना, परीक्षेत, अर्जात प्रत्येक वाक्य ‘तर’ने सुरू करणाऱ्याला मीही गुण कापले असते. तीस वर्षं कापलेत.

दुपारचा_चहा

सर, ते मीही कापते. धाग्याच्या मालकांचा दावा होता की नवशिक्याने वाटेलाच जाऊ नये. मी उलट सांगते. व्याकरण कच्चं असेल तर क्रियापद चुकलं तरी चालेल, पण योग्य जागी आल्लोरा टाका आणि थांबा. समोरचा वाट बघतो. गप्प राहिलात तर तो इंग्रजीवर घसरतो आणि तुमची इटालियन तिथेच संपते.

तूरिनकर

आज बाजारात प्रयोग केला. तोच हॉल, तोच माणूस. माझा नंबर आल्यावर त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, “आल्लोरा...” आणि पुढचा शब्द आठवेना. तो खरंच थांबला. चाकू खाली ठेवला, काट्यावर दोन्ही हात टेकले आणि भुवया उंचावून बघत राहिला. मागच्या बाई मात्र पुटपुटल्या, “ए आल्लोरा?” त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

तरी पण वर्गात टाळणारच आहे.

मांडवीकाठ

ते सगळं ठीक. मागीर नुस्तें (मासळी हो!) कसलं घेतलं ते सांग.

तूरिनकर

बांगडे! इथे ‘झ्गोंब्रो’ म्हणतात. तेव्हा आठवेना झालेला शब्द तोच.