यूआरएलमधील अवैध चिन्हे कोडने परस्पर दुरुस्त करावीत का?

मूळ मुद्दा
आमच्या प्रकल्पात वेब विनंती पाठवणाऱ्या सामाईक फंक्शनच्या तोंडाशीच एका सहकाऱ्याने 'दुरुस्ती' बसवली आहे: यूआरएलमध्ये स्पेस, चौकटी कंस किंवा देवनागरी अक्षर दिसले की त्याचे टक्का-एन्कोडिंग करायचे (म्हणजे चिन्हाऐवजी % आणि त्याचा षोडशमान कोड लिहायचा) आणि विनंती पुढे सोडायची. जावाच्या यूआरआय क्लासकडून वारंवार येणारा अवैध चिन्हाचा एरर त्यामुळे थांबला, म्हणून सगळे खूश आहेत. मी मात्र नाही. परवा शोधशब्द म्हणून 'खर्च & जमा' आला आणि सर्व्हरपर्यंत केवळ 'खर्च' पोहोचला, कारण & हे अवैध चिन्ह नव्हेच, ते दोन पॅरामीटर वेगळे करणारे वैध चिन्ह आहे. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, फक्त उत्तर चुकीचे. वेब-पत्त्यांची रचना ठरवणाऱ्या २००५ च्या आरएफसी ३९८६ या प्रमाणकामध्ये एन्कोडिंगची वेळ स्पष्ट दिली आहे: घटक जोडून पत्ता तयार होत असताना. एकदा जोडणी झाली की कोणता & मजकुरातला आणि कोणता विभाजक, हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून माझे मत असे, की अवैध पत्ता आला तर विनंती नाकारावी आणि चूक जिथे झाली तिथे दुरुस्त करावी.

प्रतिसाद १
पत्ता आपणच तयार करत असू तर तुमचे म्हणणे मान्य आहे. पण माणसांनी चिकटवलेले दुवे किंवा दुसऱ्या सर्व्हरने पुनर्निर्देशनाच्या हेडरमध्ये पाठवलेला, कच्ची स्पेस असलेला पत्ता, यांचे घटक आपल्या हाती कधीच नसतात. तिथे 'चूक जिथे झाली तिथे' म्हणजे नेमके कुठे जायचे? तोच दुवा ब्राउझरमध्ये निमूट उघडतो, कारण ब्राउझर ज्या व्हॉटडब्ल्यूजी (ब्राउझर-निर्मात्यांचा गट) प्रमाणकानुसार चालतात त्यात पाथमधल्या स्पेसचे %२० करणे लिहिलेलेच आहे. हाताने 'रिप्लेस' लिहू नये, प्रमाणक पाळणारी लायब्ररी वापरावी, एवढीच माझी अट.

प्रतिसाद २
त्याच प्रमाणकानुसार पत्त्यातले टॅब आणि ओळबदल गाळले जातात, हेही सांगायला हवे होते. पायथनच्या एचटीटीपी लायब्ररीने २०१९ मध्ये नेमकी उलट भूमिका घेतली: नियंत्रण-चिन्ह दिसले की अपवाद फेकायचा, कारण पत्त्यात घुसवलेल्या ओळबदलातून विनंतीत भलतेच हेडर घालता येत होते. गाळलेला ओळबदल निरुपद्रवी झाला, हे खरे; पण कोणी तो मुद्दाम घातला होता, हेही त्याबरोबर झाकले गेले.

दुसरा मुद्दा दुहेरी एन्कोडिंगचा. विनंती फसून पुन्हा पाठवताना पत्ता त्याच फंक्शनमधून दुसऱ्यांदा गेला की % चेही %२५ होते, म्हणजे %२० चे %२५२० होते.

प्रतिसाद १
ओळबदलाबाबत मी माघार घेतो, तो नाकारावा. दुहेरी एन्कोडिंगवर मात्र उपाय सोपा आहे: टक्क्यानंतर दोन षोडशमान अंक असतील तर त्या भागाला हात लावायचा नाही.

मूळ मुद्दा मांडणारा
आणि फाइलचे नावच '५०%२० नमुना' असेल तर? हा पत्ता अर्धा एन्कोड झालेला आहे की मुळीच नाही, हे आपले फंक्शन कशावरून ठरवणार? शिवाय पत्त्यावर डिजिटल स्वाक्षरी (पत्ता बदललेला नाही हे पडताळणारा कोड) घेतलेली असेल तर एका चिन्हाच्या बदलानेही ती जुळत नाही. बाहेरून आलेल्या दुव्यांसाठी वेगळे फंक्शन असावे, त्याने मूळ पत्ता लॉगमध्ये जसाच्या तसा ठेवावा, इथपर्यंत मी येतो. सामाईक फंक्शनमध्ये ते नको.

प्रतिसाद ३
एक भर घालतो, कारण अशा दुरुस्तीत 'अदृश्य चिन्हे काढून टाका' ही ओळ हटकून असते. 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवला जातो: य च्या आधी स्वतंत्र ऱ आणि हलन्त अशी दोन चिन्हे लावून, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारे चिन्ह) अशी तीन चिन्हे लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यूटीएफ-८ या साठवण-पद्धतीत पहिल्या जोडणीचे सहा बाइट होतात आणि दुसरीचे नऊ. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारे युनिकोडचे सामान्यीकरणही या दोघांना एक मानत नाही. सर्व्हरवरच्या फाइलच्या नावात जोडक असेल आणि आपण तो अदृश्य म्हणून काढला, तर पत्ता सर्व नियमांनी वैध राहतो आणि सर्व्हर ४०४ ('सापडले नाही') देतो. आमच्याकडे हे शोधायला दोन दिवस गेले, कारण लॉगमधला पत्ता आणि फाइलचे नाव शेजारी ठेवून आम्ही ते पुनःपुन्हा वाचत होतो.