मदत हवी आहे: पल्सर 150 ला मागचा टायर कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. गाडी पल्सर 150, मागचा टायर ट्यूबलेस, साइज 100/90-17 (रुंदी 100 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 90 टक्के, रिम 17 इंची), अलॉय चाक कंपनीचंच. टायर मधोमध झिजून सपाट झालाय, कडेला बारीक भेगाही दिसतात. बाजूवरच्या तारखेचे चार आकडे 2318, म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. त्यामुळे बदलायचा हे नक्की.

चिपळूणहून कुंभार्ली घाटाने पाटणला नेहमी जाणं असतं, बहुतेक वेळा डबलसीट आणि सामानासकट. ओल्या वळणावर मागचं चाक सरकतं, पावसाळ्यात तर जीव मुठीत धरूनच उतरावं लागतं. हवा मॅन्युअलप्रमाणेच ठेवतो. चाकाचं बेअरिंग, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश आणि अलाइनमेंट मेकॅनिककडून तपासून घेतलं, तिथे काही दोष नाही. पुढचा टायर नवा आहे.

एका दुकानदाराने 110/80-17 सुचवला, रुंद असल्याने पकड वाढेल म्हणाला. हिशोबाने बाजूची उंची 90 ऐवजी 88 मिमी, म्हणजे फरक नगण्य. पण त्याच रिमवर रुंद टायर बसवला की त्याचा गोलवा बदलतो आणि वळणावर गाडी जड होते, असंही ऐकलंय. मला टायर जास्त किलोमीटर चालण्यापेक्षा ओल्या रस्त्यावरची पकड महत्त्वाची. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) 55 च्या खाली जायचं नाही, आणि रिम बदलणार नाही.

घाटात, पावसात याच गाडीवर 110/80 वापरलेलं कुणी आहे का? चेनकव्हर किंवा मडगार्डला घासतो का? की 100/90 मध्येच मऊ रबराचा टायर घ्यावा, आणि घ्यायचा तर कोणता?