व्होल्ट दिले म्हणजे आरसा तेवढाच सरकला, हे कोणी ठरवलं?

बर्डीचा सोल्डरवाला
काल आपल्या आकाशप्रेमींच्या गटात एकाने लिहिलं, "अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये वेव्हफ्रंट सेन्सर सेकंदाला हजारदा चूक पकडतोच. मग एकेका अ‍ॅक्च्युएटरचा चार्ज मोजत बसणं म्हणजे पैसा आणि वायरी वाया." हवेच्या थरथरीने बिघडलेली ताऱ्याची प्रतिमा दुर्बिणीतला आरसा वाकवून सुधारणं म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स; प्रकाशातला बिघाड मोजतो तो वेव्हफ्रंट सेन्सर, आरसा ढकलतो तो अ‍ॅक्च्युएटर. रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

अ‍ॅक्च्युएटरमधल्या पिझोला, म्हणजे सिरॅमिकच्या तुकड्याला, व्होल्टेज दिलं की तो लांबतो. पण किती, हे तो आधी कुठे होता त्यावर ठरतं. चढताना एका व्होल्टेजला एक जागा, उतरताना त्याच व्होल्टेजला दुसरी. हाच हिस्टेरेसिस. फरक पूर्ण हालचालीच्या 10 ते 15 टक्के. 5 मायक्रॉनच्या हालचालीवर 15 टक्के म्हणजे 750 नॅनोमीटर, आणि परावर्तनात ते दुप्पट होऊन दीड मायक्रॉन. एच बँडची, म्हणजे दुर्बिणी वापरतात त्या एका अवरक्त पट्ट्याची, तरंगलांबीच 1.65 मायक्रॉन आहे! लांबी व्होल्टेजपेक्षा चार्जशी जास्त इमानदार असते. चार्ज धरून चालवलं की हा फरक एक-दोन टक्क्यांवर येतो. त्यासाठी लागतो सिरीजमध्ये एक कपॅसिटर, ज्याचा कपॅसिटन्स आधीच माहीत आहे; त्याच्यावरच्या व्होल्टेजवरून चार्ज कळतो. सॉयर आणि टॉवर यांनी 1930 मध्ये हेच सर्किट वापरलं होतं.

मी घरी करून पाहिलं. नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेली 27 मिलिमीटरची बझरची चकती, तिच्या कडेजवळ चिकटवलेला आरशाचा तुकडा, लेझर पॉइंटर आणि सहा मीटरवरची भिंत. 0 ते 50 व्होल्ट चढवले तर ठिपका 12 मिलिमीटर सरकला. उतरताना 25 व्होल्टला थांबलो, तर चढतानाच्या पेन्सिलखुणेपासून दीड मिलिमीटर लांब. मग 2.2 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये टाकून त्याच्यावरचं व्होल्टेज समान धरलं, तर दोन्ही खुणा एकावर एक.

खामल्याचा दुर्बीणवाला
काल ते मीच लिहिलं होतं, आणि आजही तेच म्हणतो. तुम्ही 0 ते 50 अशी पूर्ण फेरी मारली. चालू लूपमध्ये, म्हणजे सेन्सरने चूक दाखवायची आणि आरशाने ती काढायची या चक्रात, आरसा तेवढा पळतच नाही, मागच्या जागेपासून जरासा हलतो. छोट्या फेरीचा हिस्टेरेसिसही छोटा. उरलेली चूक पुढच्या मिलिसेकंदाला सेन्सरला दिसते आणि निघते. खगोलशास्त्रज्ञ बॅबकॉकने 1953 मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची कल्पना मांडली तेव्हापासून लूपचा अर्थच हा आहे. वर पिझोचा कपॅसिटन्स तापमानासोबत वाढतो, आणि चार्ज हळूहळू गळतो. तासभराच्या एक्स्पोजरला तुमचा चार्ज काय कामाचा?

बर्डीचा सोल्डरवाला
आणि सेन्सर आरशाच्या आधी बसला असेल तर? अशा ओपन लूपमध्ये आरसा कुठे गेला हे सेन्सरला दिसतच नाही. तिथे सांगितलेली जागा आणि खरी जागा एकच असावी लागते.

ऑप्टिक्सवाली, त्रिमूर्तीनगर
दादा, ओपन लूपला लोक मेम्सचे, म्हणजे चिपसारखे बनवलेले इवलेसे आरसे घेतात. त्यांत हिस्टेरेसिस जवळपास नसतो, ओढ व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, एकदा कॅलिब्रेट केलं की झालं. पण तुमची बाजूही खरी आहे. अ‍ॅरिझोनातल्या एलबीटी दुर्बिणीच्या दुय्यम आरशात 672 व्हॉइस कॉइल (स्पीकरमध्ये असते तशी कॉइल) आहेत आणि प्रत्येकीजवळ कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे कपॅसिटन्सवरून अंतर ओळखणारा, जो आरशाच्या मागची काही दशांश मिलिमीटरहूनही कमी फट मोजत राहतो. चिलीतल्या व्हीएलटीच्या चौथ्या दुर्बिणीवर अशा 1170. तिथे ते वायरी वाया घालवणं नाही, त्याशिवाय तो पातळ आरसा धरताच येत नाही.

राजाबाक्षाचा भाऊ
हवाईच्या केक दुर्बिणीतपण हाय ना बे! मुख्य आरशाचे 36 तुकडे, त्यांच्या कडांवर 168 कपॅसिटिव्ह एज सेन्सर.

खामल्याचा दुर्बीणवाला
ते अ‍ॅक्टिव्ह ऑप्टिक्स आहे, अ‍ॅडॅप्टिव्ह नाही. मुख्य आरशाचे तुकडे एका रेषेत ठेवणं वेगळं, हवेची थरथर काढणं वेगळं. दरवेळी कोणीतरी हे मिसळतंच. आणि सोल्डरवाले, 50 व्होल्टला तुमच्या कपॅसिटरवर जेमतेम अर्धा व्होल्ट येत असेल. त्यात घरच्या विजेचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट किती, ते का नाही लिहिलं?

बर्डीचा सोल्डरवाला
लिहितो. मे महिन्यात 80 मिलिव्होल्ट होता. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठक्क पडलाय. न्यूट्रल आणि अर्थमध्ये 19 व्होल्ट.

मानेवाड्याची ताई
19 व्होल्ट? आणि तुम्ही आरशाचं बोलताय? गेल्या उन्हाळ्यात आमच्या कूलरमध्ये पाणी टाकताना आईला असा झटका बसला की बादली हातातून उडाली. पंप गळका, कूलरला अर्थ फक्त नावाला. उन्हाळा आला की नागपुरात कूलरच्या शॉकने माणसं जातात, आणि शिकलेले लोकही तीन पिनच्या प्लगची वरची पिन कापून वापरतात.

राजाबाक्षाचा भाऊ
काळी माती हाय ताई. उन्हात भेगा पडते, अर्थची पट्टी सोडते, रेझिस्टन्स वाढते. मीठ-कोळसा टाकून रोज बादलीभर पाणी टाकाच लागते.

खामल्याचा दुर्बीणवाला
पाण्यावर विसंबू नका. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावा. विसरला तरी तो विसरत नाही.

मानेवाड्याची ताई
लावला. पण आईला झटका बसल्यानंतर. इलेक्ट्रिशियन म्हणाला होता, "कूलरला काय करायचं आहे?" मी ऐकून घेतलं. आता कोणी असं बोललं की मला राहवत नाही.

ऑप्टिक्सवाली, त्रिमूर्तीनगर
ताई, आमच्या कॉलेजात कपॅसिटन्स मोजायचा एलसीआर मीटर कपाटात कुलूपबंद होता, किल्ली सरांकडे. चार वर्षांत कशाचाही कपॅसिटन्स हाताने मोजला नाही. मोजायची सवयच लागली नाही तर अर्थ तरी कोण मोजणार?

खामल्याचा दुर्बीणवाला
विषय कुठे गेला! तरी एवढं मान्य करतो की ओपन लूपला आणि पातळ आरशाला मोजमाप लागतं. सगळीकडे लागतं, हे मान्य नाही.

बर्डीचा सोल्डरवाला
मीही मानतो की चार्ज गळतो. म्हणूनच संथ हालचालीला व्होल्टेज आणि जलदला चार्ज, असं दोन्ही मिसळून वापरतात. आज सकाळी खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं. 19 चे 6 व्होल्ट झाले आणि गुणगुणाट 80 वरून 25 मिलिव्होल्टवर आला. आरसीसीबी रविवारी बसवतोय.

खामल्याचा दुर्बीणवाला
आरसीसीबी आधी. मग 25 व्होल्ट दहा मिनिटं धरा आणि ठिपका किती सरकतो त्याच्या खुणा दर मिनिटाला भिंतीवर करा. तो आलेख पाहिल्याशिवाय मी पुढे बोलत नाही.