मदत हवी आहे: टूरिंग बाईकला नुसती कडक स्प्रिंग की नवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर?

मंडळी, दोघं बसून मागे सामान लादलं की माझ्या टूरिंग बाईकचं मागचं सस्पेन्शन पार बसतं. प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते सेटिंग) शेवटच्या खाचेपर्यंत चढवलाय, तरी सॅग (वजनाने सस्पेन्शन जेवढं बसतं ते अंतर) ट्रॅव्हलच्या, म्हणजे सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या, निम्म्याजवळ जातो. साधारण एक तृतीयांश असायला हवा. प्रीलोडने उंची मिळते, स्प्रिंग काही कडक होत नाही. म्हणजे स्प्रिंगच मऊ आहे, असं माझं ठाम मत.

शिवाय वळणात खड्डा लागला की बाईक मागून डोलत राहते. रिबाउंड डॅम्पिंग (दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणं) कमी पडतंय, आणि कडक स्प्रिंगला ते आणखीच लागणार. मग शॉकच बदलू का? मागचं बदलल्यावर फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या) स्प्रिंगही बदलाव्या लागल्या का? दोघांनी लांबचा प्रवास करणाऱ्यांनी जरूर सांगा, मागे बसणाऱ्याच्या पाठीचा प्रश्न आहे.