वळवानंतर पिंजऱ्यातली चिलापी मेली. कोणता मीटर घ्यावा?

धरणकाठ:
धरणात आमचे चिलापीचे पिंजरे आहेत. परवा वळीव झोडपून गेला, रात्रभर वारा होता. पहाटे गेलो तर मासे वर येऊन आ वासत होते, दुपारपर्यंत चार पिंजरे संपले. पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतोय. शेजारच्या पिंजऱ्यातला पंगस मासा मात्र जिवंत. गावात म्हणतात, कुणीतरी औषध टाकलं. पुढच्या वेळी आधी कळावं म्हणून काय घ्यावं?

जलपरीक्षक:
दादा, वाचून पोटात तुटलं. पण कुणावर आळ घेऊ नका. तो वास आणि जगलेला पंगस बघता तळाचं पाणी वर आलेलं दिसतंय. उन्हाळाभर वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं. पडलेलं खाद्य, विष्ठा तळाशी कुजते आणि तिथला प्राणवायू संपतो. मग जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून, म्हणजे गंधकाच्या क्षारापासून, हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू बनवतात, अमोनियाही साठतो. उष्ण प्रदेशात वर-खालच्या तापमानात दोन-तीन अंशांचाच फरक असतो, त्यामुळे गार पाऊस आणि वारा एवढं सगळं उलथायला पुरतं. पंगस वर येऊन हवा घेतो म्हणून तगला, चिलापीला ते जमत नाही.

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या मनिंजाऊ सरोवराकाठचे लोक याला ‘तुबो बेलेरांग’ म्हणतात, म्हणजे गंधकाचं विष. सुमात्रातल्याच तोबा सरोवरात मे २०१६ मध्ये हजार टनांहून जास्त मासे असेच गेले.

मीटर ऑप्टिकल डीओ घ्या, म्हणजे पाण्यात विरघळलेला प्राणवायू प्रकाशाने मोजणारा; टोकाला पातळ पडदा असलेल्या मीटरची देखभाल फार. केबल तळापर्यंत पोचेल एवढी हवी. सूर्य उगवायच्या आत दर एक मीटर खोलीला नोंद करा. प्राणवायू नसलेला थर रोज वर सरकताना दिसला की विकण्याजोगा माल लगेच काढा.

पिंजरेवाला:
ताईंचं बरोबर आहे. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारं यंत्र, लावाल तर नळी पिंजऱ्याच्या खाली सोडू नका. तळाशी नेलीत तर तेच घाण पाणी स्वतःच्या हाताने वर आणाल. आभाळ भरून आलं की त्या दिवशी खाद्य बंद. मेलेले मासे पाण्यात राहू देऊ नका, काठापासून लांब चुना टाकून पुरा.

जलपरीक्षक:
आणि तळाच्या पाण्याचा नमुना आजच घ्या. बाटली काठोकाठ भरा, वर हवा राहिली तर वायू उडून जातो. औषधाच्या तपासणीसाठी वेगळी बाटली द्या, म्हणजे गावातल्या शंकेलाही उत्तर मिळेल.

धरणकाठ:
पिंजऱ्याखाली अठरा मीटर पाणी आहे. वीस मीटर केबलचा मीटर मागवतो. उरलेल्या दोन पिंजऱ्यांचं खाद्य सकाळीच थांबवलं. आता बाटल्या घेऊन निघतोय.